१९९१ ला देश खुला झाला, मग कांद्याची निर्यात बंद कशी होते?

८ डिसेंबर २०२३ ची सकाळ नाशिक जिल्ह्यात कुणी विसरलेलं नाही. आदल्या रात्री दिल्लीहून एक अधिसूचना निघाली आणि उजाडल्यापासून कांद्याची निर्यात बंद झाली. लाल कांद्याची आवक नुकतीच वाढू लागली होती. अनेक बाजार समित्यांत लिलाव बंद पडले, चांदवडला शेतकरी मुंबई-आग्रा महामार्गावर उतरले, आणि पुढच्या काही आठवड्यांत भाव निम्म्यावर आले.

त्याच दिवसांत पुण्यात कॉमर्स शिकणाऱ्या माझ्या भाचीचा फोन आला. "मामा, आमच्या पुस्तकात लिहिलंय की १९९१ पासून भारताने मुक्त अर्थव्यवस्था स्वीकारली. मग आपल्या शेतातला कांदा परदेशात विकू नका, असं सरकार कसं काय सांगू शकतं?"

फोनवर मी तिला जे सांगितलं ते अर्धवट होतं. तिचा प्रश्न मात्र इतका नेमका होता की तो डोक्यातून जाईना. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनी आपल्याला काय दिलं आणि काय द्यायचं राहून गेलं, हे समजून घ्यायला कांद्याइतकी चांगली वाट दुसरी नाही. माझं म्हणणं आधीच सांगतो: त्या वर्षी दार उघडलं ते कारखान्याचं. शेताचं दार तेव्हा लोटलेलं राहिलं आणि त्याची कडी आजही बाहेरूनच आहे.

'खुलं' कळायला आधी 'बंद' काय होतं ते पाहू

समजा, गावात पिठाची गिरणी टाकायची आहे. जागा तुमची, पैसे तुमचे, गिऱ्हाईक तयार. तरी आधी दिल्लीला अर्ज करायचा. या गावाला गिरणी हवी की नको, हे तिथला अधिकारी ठरवणार. दिवसाला पाच पोती दळायची परवानगी मिळाली आणि तुम्ही सहावं दळलंत, तर तो गुन्हा. दळायचा दगड परदेशातून आणायचा असेल तर त्याचा परवाना वेगळा.

खऱ्या गिरणीला हे नियम नव्हते, पण मोठ्या कारखान्यांना अगदी असेच होते. १९५१ च्या उद्योग कायद्याने हा अधिकार सरकारकडे गेला आणि पुढच्या चाळीस वर्षांत त्याचं जाळं घट्ट होत गेलं. यालाच 'परवाना राज' म्हणतात. पुण्यात आकुर्डीला बजाजची स्कूटर बनत होती, तिच्यासाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. बुकिंग केलेली स्कूटर हातात यायला कधी कधी दहा वर्षं जात. लोकांना स्कूटर हवी होती, कंपनीला बनवायची होती, पण किती बनवायच्या याचा आकडा परवान्यात लिहिलेला होता.

ही व्यवस्था वाईट हेतूने आणलेली नव्हती. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशात भांडवल तुटपुंजं होतं. ते चैनीच्या वस्तूंत न जाता पोलाद, वीज, धरणं यांत जावं, असा विचार होता आणि त्यातून उभं राहिलेलं बरंच काही आजही उपयोगी पडतं आहे. अडचण अशी झाली की टंचाईत वाटप नीट व्हावं म्हणून केलेली सोय पुढे स्वतःच टंचाई टिकवून धरू लागली.

सोनं गहाण पडलं, तेव्हा

शेतकऱ्याच्या घरात बाईच्या अंगावरचं सोनं सावकाराकडे कधी जातं, हे वेगळं सांगायला नको. सगळे मार्ग खुंटल्यावर. १९९१ मध्ये देशावर नेमकी हीच वेळ आली.

आपण तेल डॉलर देऊन घेतो. रुपये आपल्याला छापता येतात, डॉलर कमवावे लागतात. देशाकडे असलेल्या डॉलर आणि इतर परदेशी पैशाच्या शिलकीला परकीय चलन साठा म्हणतात. ऐंशीच्या दशकात सरकारचा खर्च मिळकतीपेक्षा फार वाढला होता आणि तो कर्ज काढून भागवला जात होता. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. तेल भडकलं. आखातातले भारतीय जीव मुठीत घेऊन परत आले, त्यांच्याकडून येणारा पैसा थांबला. परदेशस्थ भारतीयांनी इथल्या बँकांतल्या ठेवी काढायला सुरुवात केली. जून १९९१ च्या सुमारास शिल्लक उरली ती जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती.

मे महिन्यात तस्करांकडून जप्त केलेलं २० टन सोनं पुन्हा विकत घेण्याच्या बोलीवर परदेशात विकलं गेलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने परदेशी पाठवून गहाण ठेवलं आणि त्यावर साधारण ४० कोटी डॉलर उभे केले.

त्याच जुलैत बाकीच्या गोष्टी झाल्या. १ आणि ३ तारखेला रुपयाची किंमत दोन टप्प्यांत उतरवली गेली. डॉलर सुमारे २१ रुपयांना होता तो २६ च्या घरात गेला. २४ जुलैला अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी नवं औद्योगिक धोरण जाहीर झालं. पंतप्रधान नरसिंह राव यांनी उद्योग खातं स्वतःकडेच ठेवलं होतं. १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचा परवाना एका फटक्यात गेला.

'खाउजा' म्हणजे नेमकं काय काय

खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. चळवळीतल्या मंडळींनी या तिघांची आद्याक्षरं जोडून 'खाउजा' हा शब्द केला आणि तो मराठीत रुळला. उदारीकरण म्हणजे परवानग्या कमी करणं. खासगीकरण म्हणजे जे फक्त सरकार करत होतं ते इतरांना करू देणं. जागतिकीकरण म्हणजे माल आणि पैसा सीमेपलीकडे ये-जा करू देणं.

यातलं काही झपाट्याने झालं, काही रेंगाळलं. परदेशी मालावर सीमेवर लागणारा कर, म्हणजे आयात शुल्क, पूर्वी काही वस्तूंवर तीनशे टक्क्यांच्या वर होतं. १९९१ ला त्याची कमाल मर्यादा १५० टक्क्यांवर आणली आणि पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत शेतीमाल सोडून बहुतेक वस्तूंसाठी ती १० टक्क्यांपर्यंत उतरली. नव्या खासगी बँका १९९४ पासून आल्या, पहिला मोबाइल फोन १९९५ ला वाजला. घरगुती वापराच्या परदेशी वस्तूंवरची बंधनं मात्र २००१ पर्यंत टिकून होती. लोकांच्या आठवणीत सगळं एका वर्षात झालंय, प्रत्यक्षात ते दहा-पंधरा वर्षं झिरपत आलं.

पाटाचं पाणी कुठवर पोचलं?

धरणाचं आवर्तन सुटलं की काय होतं, हे कालव्यावर शेती असलेल्या कुणालाही ठाऊक असतं. वरच्या अंगाच्या शेतांना पाणी भरभरून मिळतं. टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला कालव्यात पाणी आहे एवढं नुसतं ऐकायला येतं. पाणी सोडलंच नाही म्हणणारा खोटा आणि सगळ्यांना मिळालं म्हणणाराही खोटा.

वरच्या अंगाला काय मिळालं ते आधी, कारण ते नाकारण्यात अर्थ नाही. १९९१ ला सगळ्या देशात मिळून ५० लाखांच्या आसपास फोन होते, आज मोबाइलचीच संख्या शंभर कोटींच्या वर आहे. सुरेश तेंडुलकर या अर्थतज्ज्ञांच्या समितीने ठरवलेल्या पद्धतीने मोजलं, तर दारिद्र्यरेषेखालच्या लोकांचं प्रमाण १९९३-९४ मध्ये ४५.३ टक्के होतं, २००४-०५ मध्ये ३७.२ आणि २०११-१२ मध्ये २१.९ टक्के. ही रेषा फार खाली आखलीय अशी टीका झाली आणि तिच्यात तथ्य आहे. पण एकाच पट्टीने तीनदा मोजल्यावर आकडा निम्म्याहून खाली येतो, तेव्हा कोट्यवधी घरांत काहीतरी बदललेलं असतं. १९९१ ला जन्मणाऱ्या दर हजार बाळांपैकी ८० बाळं पहिला वाढदिवस बघत नसत. २०२० पर्यंत तो आकडा २८ वर आला. एवढी बाळं वाचण्यात लस, रस्ते, शिकलेल्या आया आणि सरकारकडे जमा झालेला वाढीव कर, सगळ्यांचा हात आहे.

आता टेलकडे. चीन, तैवान, कोरियात शेतीतून बाहेर पडलेली माणसं कारखान्यांत गेली. आपल्याकडे कारखानदारीचा देशाच्या उत्पन्नातला वाटा तीन दशकं पंधरा-सतरा टक्क्यांच्या आसपासच घोटाळत राहिला. वाढ झाली ती बँका, सॉफ्टवेअर, दूरसंचार यांत. तिथं शिकलेला माणूस लागतो आणि तोही थोडाच. सरकारच्याच २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातले ४६ टक्के कामकरी अजून शेतीवर आहेत, आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास आहे. भाकरीचा पाचवा हिस्सा ताटात आणि त्याभोवती घरातली निम्मी माणसं बसलेली, असं हे चित्र आहे. मुलाचं लग्न जमत नाही म्हणून रडणारी आई मी आमच्या भागात पाहिली आहे. मुलगा शेती करतो, एवढंच त्याचं उणं.

या निम्म्या माणसांसाठी सुधारणा कुठं अडली, ते बघायला आता कांद्याकडे वळू.

कांद्याची कडी कुणाच्या हातात आहे

यात तीन कायदे येतात.

पहिला १९५५ चा अत्यावश्यक वस्तू कायदा. व्यापाऱ्याने किती माल साठवायचा, यावर सरकार या कायद्याखाली मर्यादा घालू शकतं. मर्यादा लागली की व्यापारी लिलावात हात आखडतो आणि तो हात शेतकऱ्याच्या भावावर पडतो.

दुसरा बाजार समितीचा. महाराष्ट्रात १९६३ पासून हा कायदा आहे. शेतकऱ्याला आडत्याच्या मनमानीपासून वाचवावं, उघड लिलाव व्हावा, रोख पैसे मिळावेत, यासाठी तो आला आणि सुरुवातीला त्याने ते काम केलंही. पुढे ठरावीक परवानेधारकांनीच खरेदी करायची, असं त्याचं रूप झालं. २०१६ मध्ये राज्याने फळं आणि भाजीपाला या नियमनातून मोकळा केला.

तिसरा कायदा सगळ्यात महत्त्वाचा आणि भाचीच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथं आहे. विदेश व्यापार कायदा १९९२ चा आहे. म्हणजे हा जुन्या काळचा अवशेष नाही, सुधारणांच्याच वर्षांत तो झाला. आयात-निर्यात सुलभ करणं हा त्याचा हेतू, पण कोणत्याही मालाची निर्यात रोखण्याचा अधिकार त्यात केंद्राने राखून ठेवला. विदेश व्यापार महासंचालनालयाची एक-दोन पानी अधिसूचना पुरते. संसदेत चर्चा लागत नाही, आधी सूचना लागत नाही.

या अधिकाराचा आणि सोबत निर्यात शुल्काचा वापर कसा होतो ते बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा बंदी. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात पूर्ण बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलरची अट आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये अट गेली, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. बंदीच्या काळात मार्च २०२४ मध्ये सरकारने बांगलादेशला ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीला १४,४०० टन कांदा ठरवून पाठवायला परवानगी दिली. कुणाला किती माल जाईल हे दिल्लीत ठरणार, ही आकुर्डीच्या स्कूटरचीच गोष्ट झाली. स्कूटर त्यातून सुटली, कांदा अडकलेलाच आहे.

कांदा एकटाही नाही. ज्या ७ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदीचा आदेश निघाला, त्याच दिवशी साखर कारखान्यांना उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असं कळवलं गेलं. इथेनॉल बनवा म्हणून सांगितल्यावर कर्ज काढून उभे केलेले प्रकल्प आपल्या राज्यात ठिकठिकाणी होते. आठवड्याभरात तो आदेश थोडा सैल करावा लागला. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे, म्हणजे पुढच्या महिन्यांतल्या भावाचे आज होणारे सौदे, २०२१ मध्ये थांबवले गेले. पेरणीच्या वेळी पुढचा भाव काय असेल याचा अंदाज घ्यायचं एक साधन त्यामुळे गेलं.

एकाच जिल्ह्यातली दोन पिकं

बाजार खुला झाल्याने शेतकऱ्याचं भलं होतं की नाही, यावर वाद घालताना आपण पुस्तकं उघडतो. मला वाटतं, निफाड तालुक्यात एक चक्कर मारावी. एकाच माणसाच्या एका रानात द्राक्षबाग असते, दुसऱ्या रानात कांदा. पाऊस तोच, माणूस तोच, बँकही तीच.

द्राक्ष हे गरिबाच्या ताटातलं पीक नाही, म्हणून त्याच्या निर्यातीवर दिल्लीची नजर नसते. १९९१ ला रुपया उतरला तेव्हा युरोपात विकलेल्या पेटीचे जास्त रुपये मिळू लागले. त्याच सुमाराला बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी एकत्र येऊन द्राक्ष निर्यातीसाठी महाग्रेप्स ही संस्था उभी केली. वाट सोपी नव्हती. २०१० मध्ये वेलीची वाढ आवरणाऱ्या एका रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपने आपली द्राक्षं नाकारली आणि कित्येक बागायतदार कर्जात बुडाले. पण लोक त्यातून शिकले. फवारणीची नोंदवही आली, प्रयोगशाळेत तपासणी आली, शीतगृहं आली, कोणती पेटी कोणत्या बागेतली हे शोधता येऊ लागलं. सह्याद्रीसारखी शेतकऱ्यांची कंपनी त्याच काळात नाशिकजवळ उभी राहिली. गारपीट, अवकाळी, बांगलादेशने वाढवलेलं शुल्क, सगळं सोसूनही पुढच्या वर्षी युरोपचं गिऱ्हाईक असेल, एवढा भरवसा त्यांना होता. त्या भरवशावरच कुणी शीतगृहात पैसे घालतो.

कांद्यात हा भरवसा नाही. ढाका, कोलंबो, दुबईचा व्यापारी आपला कांदा आनंदाने घेतो, पण मधेच दार लागलं की त्याला इजिप्त, तुर्कस्तान, पाकिस्तानकडे जावं लागतं, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक पूर्ण परत येत नाही. मग कांदा साठवायची चांगली चाळ बांधायची कशाला, प्रतवारीचं यंत्र घ्यायचं कशाला? द्राक्षात तीस वर्षांत जे ज्ञान साठलं, ते कांद्यात साठलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. मेहनतीत तर तसूभरही फरक नव्हता.

हे सगळं एक माणूस फार आधी सांगत होता. शरद जोशी स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेतली नोकरी सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आले. त्यांनी उभ्या केलेल्या शेतकरी संघटनेचं पहिलं आंदोलन चाकणच्या कांद्याचंच होतं. सरकार शेतकऱ्याला खत-पाण्यात जे देतं त्याहून जास्त भाव पाडून काढून घेतं, याला त्यांनी 'उणे सबसिडी' म्हटलं. म्हणूनच शेतकऱ्यांचा नेता असून ते खुल्या बाजाराच्या बाजूने उभे राहिले. त्यांच्या सगळ्याच निष्कर्षांशी मी सहमत नाही, पण कांद्याबाबत ते चुकले होते असं म्हणायला मला जागा दिसत नाही.

'मग शहरातल्या गरिबाने ऐंशी रुपयांचा कांदा खायचा?'

हा आक्षेप खरा आहे. धारावीत राहून रोजावर काम करणाऱ्या बाईला कांदा दुप्पट झाला तर झळ बसतेच. राजकारणीही ते जाणतात. १९९८ च्या दिल्ली विधानसभा निवडणुकीत कांद्याच्या भावाने सरकार अडचणीत आणलं, ते पुढच्या प्रत्येक सरकारने लक्षात ठेवलं.

पण स्वस्ताईचं बिल कोण भरतंय, हा प्रश्न विचारायला हवा. बंदीने भाव उतरतो तेव्हा धारावीच्या बाईबरोबर मलबार हिलच्या बंगल्यालाही कांदा स्वस्त मिळतो आणि दोघांची सवलत भरतो तो येवल्याचा दोन एकरवाला. गरिबाला मदत करायची तर ती सरकारच्या तिजोरीतून, रेशनमधून किंवा थेट खात्यात द्यावी. तिजोरीत बंगलेवाल्याचा करही असतो.

आणि भाव का भडकतात, तेही बघू. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, चाळीत राहतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत पुरवावा लागतो. नवा लाल कांदा पावसाने लांबला की मधे खड्डा पडतो. हा खड्डा भरायला साठवण लागते, आणि साठवणीत पैसा घालणाऱ्यालाच आपण साठेबाज म्हणतो. बंदी आली, भाव पडला, पुढच्या हंगामात लागवड घटली, भाव पुन्हा वाढला, पुन्हा बंदी आली. ग्राहकालाही या चक्रात स्वस्त कांदा कायमचा मिळालेला नाही.

'हे सगळं नाणेनिधीने लादलेलं आहे ना?'

अर्धं खरं. १९९१ ला आपण आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं कर्ज घेतलं आणि त्याला अटी होत्या. त्या काळात जवळजवळ प्रत्येक कर्जबाजारी देशाला तोच काढा दिला जाई: तूट कमी करा, आयात खुली करा, सरकारी कंपन्या विका. पण परवाने काढून टाकावेत, हे आपल्याच अर्थतज्ज्ञांनी आणि सरकारी समित्यांनी बऱ्याच आधीपासून म्हटलेलं होतं. नाणेनिधीचं कर्ज आपण काही वर्षांत फेडलं, तरी पुढच्या कुठल्याही पक्षाच्या सरकारने स्कूटरचा परवाना परत आणला नाही.

इथे एक गोंधळ दूर करतो. बाजार खुला करणं आणि एखाद्या कंपनीला खूश करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प सुधारणांच्या नावाखाली आला. १९९२ मध्ये निविदा न काढता बोलणी करून तो ठरला आणि वीज घ्या अथवा नको, पैसे द्यायचे अशी हमी वीज मंडळाने घेतली. १९९९ ला सुरू झालेला प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला. ज्यात स्पर्धाच नव्हती, त्याला बाजार कसं म्हणणार?

'शेती बाजारावर सोडली तर लहान शेतकरी संपेल'

या आक्षेपापुढे मी स्वतः सगळ्यात जास्त थबकतो.

नुसतं दार उघडून भागत नाही, हे आफ्रिकेत झांबियाने अनुभवलं. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारने मका खरेदीतून अंग काढून घेतलं. हमरस्त्यालगतच्या शेतकऱ्यांना व्यापारी मिळाले. आतल्या गावांत कुणी फिरकलंच नाही, कारण तिथं रस्ता नव्हता, गोदाम नव्हतं, कर्ज देणारी बँक नव्हती. सरकार गेलं आणि त्याच्या जागी बाजार आलाच नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरडवाहू कापूसवाल्याची अवस्था याच्या जवळची आहे. त्याच्याकडे पाणी नाही, त्याची स्पर्धा मात्र अमेरिकेच्या अनुदानावर पोसलेल्या कापसाशी. आणि इथं दार उलट्या बाजूने उघडतं. ऑगस्ट २०२५ मध्ये गिरण्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काही महिन्यांपुरतं काढलं, तेही नवा कापूस बाजारात यायच्या तोंडावर. भाव वाढला की निर्यात बंद, भाव वाढू नये म्हणून आयात खुली. दोन्हीकडून शेतकऱ्यालाच दाबलं जातं.

आता दुसरं टोक. चीनने सुधारणा सुरू केल्या त्या शेतापासून. १९७८ मध्ये आन्हुई प्रांतातल्या शाओगांग गावच्या १८ कुटुंबांनी सामुदायिक जमीन आपसांत वाटून कसायचा गुप्त करार केला. पीक वाढलं, तेव्हा सरकारने तोच मार्ग देशभर नेला. व्हिएतनामने १९८६ मध्ये सुधारणा जाहीर केल्या आणि १९८८ मध्ये जमीन कसायचा हक्क कुटुंबांना दिला. तांदूळ आयात करणारा तो देश १९८९ पासून तांदळाचा मोठा निर्यातदार झाला. दोन्ही देशांत आधी शेतकऱ्याच्या हातात पैसा आला, मग त्या पैशाने गावागावांत कारखान्यांच्या मालाला गिऱ्हाईक तयार झालं. तिथं लोकशाही नव्हती, त्यामुळे त्यांचं सगळंच उचलावं असं मी म्हणणार नाही. क्रम मात्र बघण्यासारखा आहे.

आपण शेतीकडे वळलो ते २०२० मध्ये, तीन कायदे करून. त्यातला एक कांद्यासारखे पदार्थ साठा मर्यादेतून जवळजवळ मोकळे करणारा होता. १५ सप्टेंबर २०२० ला लोकसभेत तो मंजूर झाला. आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारने कांद्याची निर्यात बंद केली होती. पंजाब-हरियाणाचे शेतकरी वर्षभर दिल्लीच्या वेशीवर बसले, त्यामागे हमीभाव जाईल ही भीती होती आणि विचारात न घेता कायदे लादल्याचा रागही होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिन्ही कायदे मागे गेले. बाजार खुला करतो म्हणणाऱ्यावर शेतकऱ्याने विश्वास का ठेवावा, याचं उत्तर त्या दोन तारखांमध्ये सापडत नाही.

मला विचाराल, तर मागणी छोटी आहे. पेरणीच्या आधी सांगा. या हंगामात निर्यातीचे नियम काय असतील ते जाहीर करा आणि पीक उभं राहिल्यावर ते बदलू नका. बदलायची वेळच आली, तर पडलेल्या भावाची भरपाई तिजोरीतून द्या. सोबत चाळी, रस्ते, पाणी आणि पीक विमा यांवर पैसा घाला, म्हणजे झांबियासारखं होणार नाही.

एप्रिल-मे महिन्यात आमच्याकडे चाळी भरल्या जातात. गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढायची, दुभाळके, म्हणजे जोडकांदे, वेगळे, बाकीचा हवेशीर रचायचा. चार-पाच महिन्यांत त्यातला पाव हिस्सा किंवा त्याहून जास्त वजनात घटतो, सडतो, कोंब धरतो. ही घट भरून निघेल एवढा भाव सप्टेंबरात मिळेल की नाही, याचा हिशेब बांधावर बसून मांडला जातो. पाऊस, लागवड, गुजरात आणि मध्य प्रदेशातली आवक, या सगळ्याचा अंदाज लोक बऱ्यापैकी बांधतात. १ एप्रिल २०२५ ला शून्य झालेलं निर्यात शुल्क चाळ फोडायच्या दिवशी किती असेल, हा रकाना मात्र त्यांना रिकामा सोडावा लागतो.